आमदारकीचे पैकीच्या पैकी गुण

पेव्हरिल स्क्वायर या राज्यशास्त्राच्या प्राध्यापकांनी १९९२ साली अमेरिकेतल्या पन्नास राज्यांचे आमदार मोजायला एक फूटपट्टी काढली. मोजायची ती डोकी नव्हेत. डोकी मोजायला प्राध्यापक लागत नाही, घोडेबाजारातला कुठलाही अनुभवी माणूस ती अंधारातही मोजून देतो. स्क्वायर यांना बघायचं होतं ते असं, की कुठल्या राज्याचं विधिमंडळ किती व्यावसायिक आहे. म्हणजे तिथला आमदार पूर्णवेळ आमदारकी करतो, की दुकान, शेती, वकिली सांभाळून उरलेल्या वेळात कायदे करतो.

त्यासाठी तीन गोष्टी बघायच्या. आमदाराला पगार किती, सभागृह वर्षातून किती दिवस बसतं, आणि आमदारामागे कर्मचारी किती. बस. या तिन्ही आकड्यांची तुलना वॉशिंग्टनच्या संसदेशी करायची आणि सरासरी काढायची. जे विधिमंडळ हुबेहूब संसदेसारखं, त्याला १ गुण. जे संसदेच्या जवळपासही नाही, ते शून्याकडे.

इथे वाचकाने जरा थांबावं, कारण प्राध्यापकमहाशय थांबलेले नाहीत. पैकीच्या पैकी गुण ज्या संसदेला आपोआप मिळतात, तिच्या कामावर समाधानी असलेल्या अमेरिकनांचं प्रमाण २०१३च्या नोव्हेंबरात गॅलपच्या चाचणीत ९ टक्क्यांवर आलं होतं. २०२३च्या जानेवारीत तिच्या कनिष्ठ सभागृहाला स्वतःचा सभापती निवडायला १५ वेळा मतदान करावं लागलं. केव्हिन मॅकार्थी एकदाचे निवडून आले, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात त्याच सभागृहाने त्यांना मतदानाने घरी पाठवलं. सभापतीला असं हटवण्याची अमेरिकेच्या इतिहासातली ती पहिलीच वेळ. तर हा झाला आदर्श. आता या आदर्शाच्या जवळ कोण किती पोहोचलं, ते बघू.

२००३च्या आकड्यांनुसार पहिला नंबर कॅलिफोर्नियाचा, गुण ०.६२६. शेवटचा न्यू हॅम्पशायरचा, गुण ०.०२७.

न्यू हॅम्पशायरचं प्रगतिपुस्तक असं का, हे समजायला फार खोलात जावं लागत नाही. तिथल्या आमदाराचा पगार दोन वर्षांच्या मुदतीला २०० डॉलर. महिन्याला नव्हे हो, मुदतीला. हा आकडा १८८९ साली राज्यघटनेत लिहिला गेला आणि तिथेच राहिला. सभापतींना २५० मिळतात. पदाचा मान म्हणून ५० डॉलर जास्त. आणि एवढ्या पगारावर कनिष्ठ सभागृहात आमदार किती? ४००. राज्याची लोकसंख्या १४ लाख, म्हणजे साडेतीन हजार माणसांमागे एक आमदार. आपल्याकडे एवढ्या माणसांमागे एक नगरसेवक बसवायचा म्हटलं, तरी महापालिकेला सभागृहाऐवजी स्टेडियम बांधावं लागेल. वैयक्तिक कर्मचारी नाहीत, बहुतेकांना स्वतंत्र कार्यालयही नाही. साहजिकच तिथे निवृत्तांची गर्दी असते. निवृत्तिवेतन सुरू असलेला, मुलं मार्गी लागलेली आणि दिवसा मोकळा असलेला माणूसच ही चैन करू शकतो. न्यू मेक्सिको त्याहून पुढे गेलं आहे. तिथे आमदाराला पगारच नाही, फक्त दैनिक भत्ता.

हे वाचून ज्यांना साधेपणाने गहिवरून आलं असेल, त्यांनी टेक्सासला यावं.

टेक्सासचं विधिमंडळ दोन वर्षांतून एकदा बसतं आणि जास्तीत जास्त १४० दिवस बसतं. तिथला जुना विनोद असा, की घटना लिहिताना आकड्यांची अदलाबदल झाली. मूळ कल्पना १४० वर्षांतून दोन दिवस बसायची होती. तीन कोटी वस्तीचं राज्य, दोन वर्षांचा अर्थसंकल्प ३०० अब्ज डॉलरांच्या वर, आमदार १८१, आणि २०२३च्या अधिवेशनात आलेली विधेयकं आठ हजारांच्या घरात. भागाकार केला तर दिवसाला ५७ विधेयकं येतात. शनिवार-रविवार धरून. आमदाराचा पगार महिन्याला ६०० डॉलर, वर्षाला ७,२००. अधिवेशनकाळातला भत्ता वेगळा. राज्यशास्त्राच्या फूटपट्टीवर हा पगार संसदेच्या ०.०४ इतका भरतो.

पण टेक्सासच्या माणसाला हिशेब येत नाही असं समजू नका. आमदाराचं निवृत्तिवेतन आमदाराच्या पगारावर ठरतच नाही, ते बरीच वर्षं जिल्हा न्यायाधीशाच्या मूळ पगारावर ठरत आलं. सेवेच्या दर वर्षामागे त्या पगाराचे २.३ टक्के. न्यायाधीशाचा पगार १ लाख ४० हजार डॉलर होता तेव्हाच्या दराने १२ वर्षं आमदारकी केलेल्याला वर्षाला ३८,६४० डॉलर. पगाराच्या पाचपट निवृत्तिवेतन! म्हणजे घरी बसलेला आमदार हा काम करणाऱ्या आमदारापेक्षा पाचपट मौल्यवान आहे, हे टेक्सासने कायद्यानेच मान्य केलं आहे. आणि स्क्वायर यांच्या फूटपट्टीला हे दिसत नाही, कारण ती निवृत्तिवेतन मोजत नाही. आमच्या विधानभवनातल्या जाणकारांना हे दाखवलं असतं तर त्यांनी पहिली दुरुस्ती तीच सुचवली असती.

टेक्सासचा आणखी एक आकडा सांगतोच. २०२५च्या ऑगस्टमध्ये मतदारसंघांच्या फेररचनेवरून तिथले डेमोक्रॅट आमदार राज्य सोडून इलिनॉयला निघून गेले, गणपूर्ती होऊ नये म्हणून. (तिथे राहिले तेही हॉटेलात; त्या बाबतीत टेक्सास आता फारसं मागासलेलं नाही.) सभागृहाच्या नियमाप्रमाणे गैरहजेरीचा दंड दिवसाला ५०० डॉलर. महिन्याचा पगार ६००, एका दिवसाची दांडी ५००. अशी शिस्त लावणाऱ्या संस्थेला कोण अव्यावसायिक म्हणेल?

आता गुणवंतांकडे. कॅलिफोर्नियाने व्यावसायिकता नवस करून मिळवली. सभापती जेसी अनरू यांनी १९६६ साली जनमत घेऊन घटनादुरुस्ती करून घेतली. पगार ६ हजारांवरून १६ हजार डॉलर, वर्षभर अधिवेशनाची मुभा, हाताखाली तज्ज्ञ कर्मचारी. पैसा हे राजकारणाचं मातृदुग्ध आहे, असं म्हणणारे ते हेच अनरू, तेव्हा त्यांना पगारवाढीचं महत्त्व कळत नव्हतं असं म्हणता येणार नाही. १९७१ साली एका नागरिक संस्थेने पन्नासही विधिमंडळांची क्रमवारी लावली, तीत कॅलिफोर्निया पहिलं आणि अलाबामा पन्नासावं. पुढे १९९० साली त्याच कॅलिफोर्नियाच्या मतदारांना या व्यावसायिकांचा इतका कंटाळा आला, की दुसऱ्या जनमताने त्यांनी आमदारांच्या कारकिर्दीवर मुदत घातली आणि विधिमंडळाच्या खर्चाला कात्री लावली. कात्री लागली ती तज्ज्ञ कर्मचाऱ्यांना. त्यांच्यातले बरेच जण समोरच्या रस्त्यावरच्या लॉबिस्टांच्या कचेऱ्यांत जाऊन बसले. माहिती तीच, माणसं तीच, फक्त बिल दुसऱ्याच्या नावावर.

तरीही कॅलिफोर्निया अव्वल आहे, आणि तिथला माजी राज्य-सिनेटर लेलंड यी हा अव्वल राज्याचा अव्वल नमुना. बंदुकांवर निर्बंध आणणारी विधेयकं मांडण्यात यांचा हात कोणी धरला नसता. २०१४ साली एफबीआयने त्यांना पकडलं. वेषांतर केलेल्या एफबीआयच्या माणसाला शस्त्रं मिळवून देण्याच्या बोलणीत ते सामील होते, असा आरोप होता. त्यांनी गुन्हा कबूल केला, पाच वर्षांची शिक्षा झाली. पूर्णवेळ राजकारणी असल्याशिवाय एकाच विषयाच्या दोन्ही बाजूंचा इतका सखोल अभ्यास होत नाही.

न्यू यॉर्क आणि इलिनॉय हेही वरच्या बाकावरचे विद्यार्थी. न्यू यॉर्कच्या आमदाराचा पगार २०२३पासून १ लाख ४२ हजार डॉलर, देशात सगळ्यांत जास्त. तिथले दोन दशकं सभापती राहिलेले शेल्डन सिल्व्हर भ्रष्टाचारात दोषी ठरले आणि शिक्षा भोगत असतानाच २०२२ साली वारले. इलिनॉयचे मायकल मॅडिगन ३६ वर्षं सभापती होते. लाचखोरीच्या खटल्यात २०२५ साली त्यांना साडेसात वर्षांची शिक्षा झाली. पगार वाढवला की माणूस खायचा थांबतो, हा सिद्धांत ज्यांनी मांडला, त्यांनी माणूस जेवताना पाहिलेला नसावा.

मग वर्षाला शंभर डॉलरवाले बरे का? तेही नाही, आणि इथे मात्र स्क्वायर यांच्या फूटपट्टीच्या बाजूने बोलायला हवं. ज्या आमदाराला पगार नाही, वेळ नाही, मदतनीस नाही, त्याच्या पुढ्यात आठ हजार विधेयकं आली की तो काय करणार? कोणी तयार मसुदा हातात ठेवला तर दुवा देत घेणार. १९७३ साली स्थापन झालेली एएलईसी ही संस्था नेमकं हेच करते. कंपन्यांचे प्रतिनिधी आणि आमदार एकत्र बसून 'आदर्श विधेयक' तयार करतात, आमदाराने त्यात राज्याचं नाव भरायचं. २०१९ साली यूएसए टुडे, ॲरिझोना रिपब्लिक आणि सेंटर फॉर पब्लिक इंटिग्रिटी यांनी मिळून विधेयकांचे मजकूर संगणकावर ताडून बघितले. आठ वर्षांत दहा हजारांहून जास्त विधेयकं हितसंबंधी गटांच्या मसुद्यांवरून जवळपास जशीच्या तशी उतरवलेली निघाली. त्यातल्या २,१०० हून अधिकांचा कायदा झाला. दहावीच्या परीक्षेत अशी कॉपी झाली असती तर केंद्र रद्द झालं असतं. राज्यशास्त्राचे अभ्यासक अलेक्झांडर हर्टेल-फर्नांडिस यांनी २०१४ साली दाखवून दिलं, की ज्या राज्यात आमदारांकडे वेळ आणि मदतनीस कमी, तिथे ही उतरवाउतरवी जास्त. न्यू हॅम्पशायरसारख्या स्वस्त सभागृहाचा पगार कोणी तरी दुसरा देत असतो, एवढंच.

फूटपट्टीचा दोष वेगळा आहे. एखाद्या भटारखान्याचा दर्जा ठरवताना आचाऱ्याला पगार किती, चूल किती तास पेटली होती, हाताखाली पोरं किती, हे सगळं लिहून घ्यायचं आणि आमटी चाखायचीच नाही, तसं हे आहे. स्क्वायर यांनीही आपण आमटी चाखली असा दावा केलेला नाही. ते क्षमता मोजतात, दर्जा नव्हे. दावा करतात ते पगारवाढीच्या विधेयकाला हा गुणांक जोडणारे.

याच प्राध्यापकांनी १९८८ साली विधिमंडळांची आणखी एक वर्गवारी केली होती: काही ठिकाणी माणूस आयुष्यभर राहतो, काही ठिकाणी वर उडी मारायला येतो, आणि काही ठिकाणी रस्ताच संपतो. या मधल्या जातीचा एक नमुना आपल्या ओळखीचा आहे. चिकोडीत जन्मलेले, बेळगावात वाढलेले आणि मराठीत आत्मचरित्र लिहिलेले श्री ठाणेदार २०२० साली मिशिगनच्या विधिमंडळात निवडून आले, पगार ७१,६८५ डॉलर. एक मुदत केली आणि २०२२ साली थेट वॉशिंग्टनला गेले, पगार १ लाख ७४ हजार. बेळगावचा माणूस विधानसभेत जातो तेव्हा तो कुठल्या राज्याच्या, यावर सत्तर वर्षं वाद चालू आहे. ठाणेदारांनी मिशिगन निवडून तो प्रश्न आपल्यापुरता सोडवला.

ही फूटपट्टी मुंबईला लावायचा मोह होतोच. पण अडचणी आहेत. टेक्सासची घटना जास्तीत जास्त किती दिवस बसायचं ते सांगते. आपली राज्यघटना कमीत कमी किती, हेही सांगत नाही. दोन अधिवेशनांत सहा महिन्यांहून अधिक अंतर नको, एवढंच १७४वं कलम म्हणतं. २०२४चं नागपूरचं हिवाळी अधिवेशन सहा दिवसांत आटोपलं. तेवढ्यात नीट हुरडाही होत नाही. शिवाय बसलेला दिवस मोजायचा कसा? २०२५च्या जुलैत तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे विधान परिषदेत बसून मोबाइलवर पत्ते खेळताना दिसतात, अशी चित्रफीत बाहेर आली. आपण खेळत नव्हतो, स्क्रीनवर आलेली जाहिरात बंद करत होतो, असा त्यांचा खुलासा होता. महिनाअखेरीस त्यांचं कृषी खातं गेलं आणि क्रीडा खातं आलं. स्क्वायर यांच्या हिशेबात तो दिवस पूर्ण भरतो.

राहता राहिला तो भागाकारातला छेद. अमेरिकी खासदारांचा पगार २००९पासून १ लाख ७४ हजारांवर गोठलेला आहे. राज्यांचे पगार वाढत गेले की त्यांचे गुण आपोआप वाढतात. आणि संसद कमी बसली, की मग काहीच न करता वाढतात. २०२५च्या १ ऑक्टोबरला अर्थसंकल्प मंजूर न झाल्यामुळे अमेरिकेचं केंद्र सरकार बंद पडलं ते ४३ दिवस. कनिष्ठ सभागृहात १९ सप्टेंबरनंतर थेट १२ नोव्हेंबरला मतदान झालं. तेवढ्या काळात पन्नासही राज्यांची विधिमंडळं घरबसल्या आणखी व्यावसायिक झाली. लाखो सरकारी कर्मचाऱ्यांचे पगार त्या दिवसांत थांबले होते. खासदारांचा एक डॉलरही थांबला नाही. त्यांचा पगार राज्यघटनेनेच सुरक्षित ठेवलेला आहे.