उणे २८ आणि एक घुबड

मिनेसोटातल्या माणसाला थंडीबद्दल विचारलं की तो “तसं ठीक आहे आज” म्हणतो. त्या सकाळी पारा उणे २८वर होता. “सेल्सिअस की फॅरनहाइट?” मी भाचीला विचारलं.

“सेल्सिअस. पण मामा, उणे ४०ला दोन्ही सारखंच होतं,” असा तिने धीर दिला.

डुलुथपासून तासाभराच्या अंतरावर सॅक्स-झिम बॉग नावाची अफाट दलदल आहे. सॅक्स आणि झिम या दोन चिमुकल्या वस्त्यांवरून पडलेलं नाव. हिवाळ्यात ती गोठते आणि शहाणी माणसं घरात बसतात, नेमके तेव्हाच पक्षिवेडे इथे लोटतात. कशासाठी, तर ‘ग्रेट ग्रे आउल’ नावाच्या भल्यामोठ्या राखी घुबडासाठी.

“एवढं तिकीट काढून घुबड बघायचं?” ही म्हणाली. “आमच्या परसातल्या चिंचेवर फुकट बसायचं. आई मीठमोहऱ्या ओवाळून टाकायची.”

अंगात थर्मल, त्यावर लोकर, त्यावर बदकाच्या पिसांचं जाकीट. पक्षी बघायला निघालो तेही पक्ष्याचीच पिसं घालून! दुर्बीण डोळ्याला लावली की श्वासाची वाफ काचेवर, आणि पुसायला जावं तर तिचा बर्फ झालेला. हातमोजा घातला तर दुर्बिणीची फिरकी फिरेना. काढला तर बोटं कुणा दुसऱ्याची असावीत अशी वागू लागली.

एका ठिकाणी पक्ष्यांसाठी ओंडक्यावर पीनट बटर थापलं होतं आणि झाडाला हरणाच्या बरगड्या टांगल्या होत्या. “आधी मसणात आणलंस की काय आम्हाला?” हिने भाचीला विचारलं. त्या बरगड्यांवरची चरबी चिकडी नावाचे मूठभर पक्षी टोचत होते. वजन दहा-बारा ग्रॅम. थंडीच्या रात्री हा जीव इंधन वाचवायला स्वतःच्या अंगाचं तापमान दहाएक अंशांनी उतरवतो. भाचेजावई रात्री हीटर दोनच अंशांनी उतरवतात. त्यांच्याबद्दलची माझी तक्रार मी तिथल्या तिथे मागे घेतली.

पुढे रस्त्याच्या कडेला गाड्यांची रांग आणि तोफांसारखी कॅमेऱ्यांची नळकांडी. सगळे एका वठल्यासारख्या झाडाकडे बघत होते. शेंड्यावर महाराज बसले होते. अडीच फुटांचा ऐवज, पण वजन जेमतेम सव्वा किलो! बाकी सगळी पिसंच. लग्नातल्या व्याह्याचा फेटा आणि कोट उतरवल्यावर आत जेवढा व्याही उरतो, तेवढंच घुबड आत होतं.

कान मात्र जबर. एक कान वर, एक खाली. त्यामुळे दीड-दोन फूट बर्फाखाली पळणाऱ्या उंदरासारख्या व्होलचा नेमका ठावठिकाणा याला वरून कळतो. मला दोन टोप्यांमधून हिचं बोलणं ऐकू येत नव्हतं. या थंडीने केलेला तेवढाच एक उपकार.

आणि एकदम त्याने झेप घेतली. पंखांचा आवाज शून्य. बर्फात तोंडावर आपटल्यासारखं पडलं, क्षणभर पिसंच पिसं दिसली आणि वर आलं तेव्हा चोचीत व्होल होता. तोफांचा एकच खटखटाट झाला. मीठमोहऱ्यांची लेक तर टाळ्या वाजवत होती. हातमोज्यांमुळे आवाज आला नाही, एवढंच.

गाडीत बसताच हिने फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. घुबड म्हणायची सोय नव्हती, म्हणून खाली लिहिलं, ‘लक्ष्मीचं वाहन दिसलं!’

सांगलीहून सासूबाईंचं उत्तर लगेच आलं: ‘वाहन दिसलं ते ठीक. लक्ष्मी कुठे उतरली ते जावईबापूंना विचार.’