बंधुभावाचं दार

मुंबईत फोर्टात, स्टर्लिंग सिनेमाच्या मागच्या बाजूला एक जुनी भारदस्त इमारत आहे. सिनेमा सुटला की माणसं तिच्याकडे ढुंकूनही न बघता वडापावच्या गाडीचा शोध घेत निघून जातात. तिथे काय चालतं असं कुणाला विचारलंच, तर उत्तरं मात्र ठाम मिळतात. कुणी म्हणतं आत कवटी आहे, कुणी म्हणतं भुतं उतरवतात. पाहिलेलं कुणीच नसतं. हा फ्रीमेसन्स हॉल, म्हणजे फ्रीमेसन या बंधुसंघाची जागा. उत्तरेत अशा वास्तूला लोक सरळ 'जादूघर'च म्हणत. किपलिंगच्या 'किम' कादंबरीत हे नाव आलेलं आहे. किपलिंग स्वतः १८८६ पासून लाहोरच्या लॉजचा, म्हणजे मेसनांच्या तिथल्या शाखेचा, सभासद होता. म्हणजे आतल्या जादूत मागच्या सभेचं इतिवृत्त मंजूर करणं, वर्गणीची थकबाकी आणि शेवटी जेवण या गोष्टी येतात, हे त्याला ठाऊक असणार. सोसायटीच्या वार्षिक सभेला नेमाने बसणाऱ्या मराठी माणसाला तिथे फारसं परकं वाटू नये.

गुपिताचं म्हणाल, तर ते फुटून पावणेतीनशेहून अधिक वर्षं झाली. लंडनमध्ये १७१७ साली एका दारूच्या गुत्त्यात चार लॉज एकत्र आले आणि ग्रँड लॉज उभा राहिला. पुढे तेरा वर्षांत सॅम्युअल प्रिचर्ड नावाच्या गृहस्थाने मेसनांचे दीक्षाविधी छापून विकायला काढले. पुस्तक हातोहात खपलं आणि संस्थाही वाढली. गुप्ततेची एवढी चांगली जाहिरात दुसऱ्या कुणाला जमलेली नाही.

संस्थेची सगळी भाषा गवंड्याची आहे. गुण्या, ओळंबा, कंपास, थापी, आणि पोटावर एप्रन. आचरण गुण्यात असावं, माणसामाणसांत पातळी सारखी असावी, असा त्यामागचा उपदेश. मात्र हे एप्रन बांधणारे असत न्यायाधीश, सर्जन, कर्नल आणि पेढीवाले. खरोखरची भिंत रचायची वेळ आली असती, तर यांतल्या बहुतेकांनी गवंड्यालाच हाक मारली असती.

दगड बसवण्याचं काम मात्र ते हौसेनं करीत. ३ जानेवारी १८४३ रोजी जे. जे. रुग्णालयाची कोनशिला मेसनी इतमामाने बसली. ती बसवली डॉ. जेम्स बर्न्स यांनी. ते पश्चिम हिंदुस्थानातल्या स्कॉटिश मेसनांचे मुख्य होते. रुग्णालयासाठी लाखभर रुपये दिले होते सर जमशेटजी जीजीभाई या पारशी गृहस्थाने. आता गंमत बघा. पारशाच्या पैशाने उभ्या राहणाऱ्या इमारतीचा पायाचा दगड बसवणारी ही बंधुमंडळी मुंबईतल्या पारशाला आपल्या लॉजमध्ये घेत नव्हती. सगळी माणसं समान, फक्त ती आधी आत आलेली असली पाहिजेत!

हे ज्यांना सोसवलं नाही ते माणकजी करसेटजी. भायखळ्याच्या उड्डाणपुलांच्या बेचक्यात उभा असलेला खडा पारशी मुंबईकराला माहीत असतो. तो पुतळा करसेटजी माणकजींचा, आणि तो उभारला त्यांच्या या मुलाने. माणकजींना नकार पचवायची सवय होती. एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेनेही त्यांना आधी दारातून परत पाठवलं होतं. १८४० मध्ये कुठे त्यांना घेतलं. लॉजमध्ये मतदान गोळ्यांनी होतं, पांढरी म्हणजे होकार, काळी म्हणजे नकार, आणि काळी कुणी टाकली ते कळत नाही. मुंबईत दाद लागेना तेव्हा हा गृहस्थ विलायतेला गेला. तिथेही जमेना, तेव्हा त्याने पॅरिसला जाऊन दीक्षा घेतली. तो परत आला, तरीही मुंबईच्या लॉजचं दार बंदच. साता समुद्रापलीकडून भाऊ होऊन आलेल्या माणसाला घरचे भाऊ ओळख देईनात.

डॉ. बर्न्स यांनी मग आपल्या लोकांशी वाद घालत बसण्यापेक्षा नवाच लॉज काढला. १५ डिसेंबर १८४३ रोजी 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' स्थापन झाला, तो हिंदी लोकांना प्रवेश देण्यासाठीच. या माणसाचे दोन भाऊ, अलेक्झांडर आणि चार्ल्स, दोनच वर्षांपूर्वी काबुलात जमावाच्या हातून मारले गेले होते. त्याने मन कडू करून घेतलं असतं तर कुणी दोष दिला नसता. म्हणून एप्रन आणि विधींना मी कितीही हसलो तरी या डॉक्टरपुढे माझं हसू थांबतं.

पारशी आले, मुसलमान आले. हिंदूंचं घोडं अडलं ते देवापाशी. सभासदाने एका परमेश्वरावर श्रद्धा ठेवली पाहिजे असा नियम. तेहेतीस कोटींच्या धन्याला काय विचारावं, हा साहेबापुढे पेच. बंगालमध्ये प्रसन्नकुमार दत्त यांना कित्येक वर्षं झगडावं लागलं, तेव्हा १८७२ मध्ये त्यांना प्रवेश मिळाला. पुढे लॉजच्या मेजावर बायबलशेजारी गीता, कुराण, अवेस्ता आले, आणि ज्याने त्याने आपल्या ग्रंथावर हात ठेवून शपथ घ्यावी असं ठरलं. ही तडजोड मला मेसनांच्या सगळ्या तत्त्वज्ञानापेक्षा मोठी वाटते. आत धर्मावर आणि राजकारणावर चर्चा करायची नाही, हा नियमही शहाणपणाचा. आपल्या लग्नाच्या पंगतीत तो लागू केला तर निम्मी भांडणं मिटतील. मात्र मग बोलायचं काय, हा प्रश्न उरतो.

मुंबईतच १८४९ मध्ये आणखी एक गुप्त मंडळ निघालं. दादोबा पांडुरंग आणि राम बाळकृष्ण जयकर यांची परमहंस सभा. इथे दीक्षा कसली, तर ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खायचा आणि मुसलमानाच्या हातचं पाणी प्यायचं. सिनेमा सुटल्यावर आज आपण उभ्याउभ्या संपवतो तोच पाव तेव्हा खोलीची दारं लावून खावा लागे. मेसनांचे विधी गुप्त आणि सभासद उजळ माथ्याने मिरवणारे; परमहंसांचा विधी साधा घासभर, पण सभासदाचं नाव फुटलं तर वाळीत पडण्याची भीती. १८६० च्या सुमारास सभासदांची यादी चोरीला गेली आणि मंडळ विस्कटलं. मेसनांचं अख्खं पुस्तक छापलं गेलं तरी त्यांचं काही बिघडलं नाही. यांची चार कागदांची वही गेली आणि सगळं संपलं. कुणाच्या गुपिताला खरी किंमत होती, हे एवढ्यावरूनच कळतं. तरी त्यातलेच काही लोक १८६७ मध्ये प्रार्थना समाजात उजळपणे एकत्र आले.

लॉजची भरभराट मात्र चालूच राहिली. १८७५ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सने प्रिन्सेस डॉकची कोनशिला मेसनी थाटात बसवली. पारशी विद्वान खरशेटजी कामा इतके मुरलेले मेसन होते की त्यांच्या गौरवासाठी १९०७ मध्ये मेसनी विषयांवरचा स्वतंत्र ग्रंथ निघाला. १९६१ मध्ये भारताचा स्वतःचा ग्रँड लॉज झाला. शिष्यवृत्त्या आणि दवाखान्यांना मदत, ही कामं लॉज आजही फारसा गाजावाजा न करता करतात. दानाचा फलक दात्यापेक्षा मोठा लावण्याच्या आजच्या काळात त्यांच्या गुप्ततेचा हा उपयोग मला पटतो.

एक गोष्ट मात्र पटत नाही. स्वतः दारात अडलेल्या माणकजींनी १८६३ मध्ये मुलींसाठी इंग्रजी शाळा काढली, तीही घरच्यादारच्यांचा रोष पत्करून. त्यांच्यासाठी निघालेला लॉज आजही चालू आहे, आणि त्यात बायकांना प्रवेश नाही.