ब्रॅम्लीचा गुळांबा

आमच्या लहानपणी सफरचंद खायचं म्हणजे आधी आजारी पडावं लागे. तेही सर्दी-पडशाने भागत नसे. निदान टायफॉइड, नाहीतर अपेंडिक्सचं ऑपरेशन. मग भेटायला येणारे पातळ कागदात गुंडाळलेली चार सफरचंदं आणत आणि त्यांतली तीन त्यांच्याच मुलांना कापून द्यावी लागत. धडधाकट माणसाने सफरचंद खाणं ही घरात उधळपट्टी समजली जाई. असे संस्कार घेऊन मी नॉटिंगहॅमशायरमध्ये घर घेतलं आणि सप्टेंबरात मागच्या हिरवळीवर सफरचंदांचा सडा पडलेला पाहिला, तेव्हा डोळ्यांसमोर आधी आले ते गावाकडचे सगळे आजारी.

झाड आधीच्या मालकाने लावलेलं. जात ब्रॅम्ली. फळ हिरवंगार, चपटं, बेढब आणि मोठं. दोन फळांत अर्धा किलो सहज भरतं. कच्चं चावलं तर एक डोळा आपोआप मिटतो. इंग्रजांनी सफरचंदांचे दोन वर्ग पाडलेत, खायची वेगळी आणि शिजवायची वेगळी. केंटमध्ये ब्रॉगडेलला या देशाचा फळसंग्रह आहे, तिथे सफरचंदाच्या 2,000 हून अधिक जाती जपल्या आहेत. पण शिजवायचं सफरचंद म्हटलं की इंग्रज माणसाला आठवतं ते ब्रॅम्लीच. आंबटपणा इतका, की आचेवर ठेवलं की फोड म्हणून काही उरत नाही, नुसता मऊ फेस होतो.

हे फळ मूळ आमच्याच जिल्ह्यातलं. साउथवेल गावात 1809 साली मेरी अ‍ॅन ब्रेल्सफर्ड या मुलीने सफरचंदाच्या बिया रुजत घातल्या. पुढे लग्न होऊन ती निघून गेली. 1846 साली ते घर मॅथ्यू ब्रॅम्ली नावाच्या खाटकाने विकत घेतलं. 1856 साली हेन्री मेरीवेदर हा रोपवाटिकेवाल्याचा मुलगा कलमाच्या काड्या मागायला आला, तेव्हा खाटकाने अट घातली: काड्या खुशाल न्या, पण फळाला नाव माझं लावायचं. रुजवलं एकीने, वाढवलं पावसाने, नाव खाटकाचं. देवळाला पंखा देऊन पात्यावर स्वतःचं नाव रंगवून घेणारे दाते फक्त आपल्याकडेच होतात, अशी माझी समजूत होती. झाडही नाव देणाऱ्याच्या वळणावर गेलंय. त्याला फळ धरायला दुसऱ्या जातींच्या झाडांचे पराग लागतात. स्वतःचे पराग मात्र कुणाच्या उपयोगाचे नसतात. गुणसूत्रांचे दोनाऐवजी तीन संच असले की असं होतं म्हणे. शेजाऱ्यांच्या झाडांच्या जिवावर आमचं झाड लगडतं, आणि मग ती फळं शेजाऱ्यांच्याच गळ्यात मारण्याची जबाबदारी माझ्यावर येते.

ती पार पाडणं सोपं नाही. इथे फाटकाबाहेर खोका ठेवायचा आणि वर ‘हवी तेवढी न्या’ अशी चिठ्ठी लावायची रीत आहे. रीत फार सभ्य, पण सगळ्यांची झाडं एकाच वेळी पिकतात. ऑक्टोबरात आमच्या गल्लीत जागोजागी खोके दिसतात आणि लोक दुसऱ्याच्या खोक्याकडे नजर न टाकता झपाझप चालतात. एका सकाळी आमचा खोका गायब दिसला. आनंद संध्याकाळपर्यंत टिकला. संध्याकाळी मुलीने सांगितलं, की शाळेच्या नाटकाला खोका हवा होता, म्हणून तिने फळं पुन्हा झाडाखाली ओतली.

इंग्रजी उपाय सगळे करून झाले. क्रंबल: फोडींवर मैदा, लोणी नि साखर चुरून पसरायची आणि ओव्हनमध्ये ढकलायचं. उत्तम लागतं, पहिल्या आठवड्यात. पुढे पुढे घरातले फक्त वरचा चुरा खाऊन खालचं फळ तसंच ठेवतात. बी काढून पोकळीत मनुका-लोणी भरून सबंध फळ भाजायचं. त्याआधी सालीला मध्यावर सुरीने गोल चीर द्यायची, नाहीतर ते ओव्हनमध्ये फुटतं. राहिली त्यांची चटणी. व्हिनेगर, ब्राउन शुगर, कांदा, मनुका आणि दोन तास मंद आच. त्यानंतर दोन महिने ती मुरत ठेवायची. पडद्यांना लागलेला व्हिनेगरचा वास तोवर जातो.

सुटका केली ती रत्नागिरीहून आलेल्या आत्याने. तिने एक फोड चावली. एक डोळा मिटला, दुसरा माझ्यावर रोखला आणि म्हणाली, “अरे, ही कैरी आहे! कैरीला लोणी लावून भाजता होय रे? विळी कुठाय?”

विळी नव्हती. किसणी होती.

त्या दिवसापासून आमच्याकडे चैत्र आश्विनात येतो. आंबाडाळ झकास होते. फक्त कीस लगेच काळा पडतो, त्याला लिंबू चोळायचं, आणि पाणी फार सुटतं, ते पिळून आमटीत ढकलायचं. भेळेवर बारीक फोडी, कांद्याबरोबर तक्कू, दोन्ही बिनतक्रार. पन्ह्याचा गर ओव्हनमध्ये आयता तयार होतो; पण बाहेर आठ अंश आणि पाऊस असताना गार पन्हं कोण पिणार? आत्याने ते वेलदोडा घालून कढत करून दिलं. शेजारच्या आजोबांनी दोन पेले घेतले आणि यात रम चालेल का, असं विचारलं. आत्याला मी त्याचं भाषांतर करून सांगितलं नाही.

लोणच्याच्या फंदात मात्र पडू नका. चार दिवसांत फोड मऊ पडते आणि लोणच्याची फोड कचकन तुटली नाही तर त्याला लोणचं का म्हणायचं? मेथांब्याचं तसं नाही. फोडी विरघळतात, पण गूळ, मेथी नि तिखट एकमेकांना सांभाळून घेतात आणि पोळीबरोबर वाटी पुसली जाते. बांगड्याच्या आमटीत आमसुलाच्या जागी दोन फोडी टाकून बघा. बांगड्याचा भाऊबंद मॅकरेल इथे स्वस्त मिळतो. आंबोशीही केली. उन्हाची वाट पाहिली असती तर पुढची पिढी आली असती, म्हणून चकत्या दोऱ्यात ओवून रेडिएटरवर टांगल्या. आत्याला वाटलं ही तिची युक्ती, पण जुने इंग्रजही चकत्या अशाच चुलीवर टांगून वाळवत.

उरलेल्यांची गॅरेजमध्ये आढी. आंब्याची आढी पिकण्यासाठी लावतात, ही पिकू नये म्हणून. बिनडागी फळ निवडायचं, प्रत्येकाला वर्तमानपत्राचा वेगळा तुकडा, आणि एकाचा दुसऱ्याला स्पर्श नाही. मार्चपर्यंत टिकतात. दर आठवड्याला जाऊन नासकं काढावं लागतं. त्या निमित्ताने जुन्या बातम्याही वाचून होतात.

या सगळ्यांत पहिला नंबर गुळांब्याचा. ब्रॅम्ली विरघळते हा इथे गुण ठरतो. पाऊणपट गूळ, दोन लवंगा, वेलदोडा. फळातल्या पेक्टिनमुळे पाक चटकन धरतो आणि रंग गडद सोनेरी येतो. पाहुणे विचारतात, आंबे कुठून मिळाले?

ऑक्टोबरात इकडे कुणी येणार असाल तर एवढंच करा. फळं मोफत, बरण्या आमच्या, किसायला आम्ही सगळे आहोत. कोल्हापुरी गूळ तेवढा तुमचा आणा.