टाळ्या वाजवा, आजोबा!

पुण्याच्या आसपास ज्येष्ठांसाठी ज्या वसाहती उभ्या राहताहेत, त्यांच्या माहितीपत्रकांत तीन गोष्टी हमखास असतात. न्हाणीघरात धरायला दांडे, चोवीस तास रुग्णवाहिका आणि भरगच्च ॲक्टिव्हिटीज. पहिल्या दोन उपयोगाच्या आहेत.

तिसरीचं वेळापत्रक लिफ्टशेजारी लटकतं. सोमवारी भजन, मंगळवारी हास्यक्लब, बुधवारी हाउजी, गुरुवारी खुर्चीतली योगासनं, शुक्रवारी जुनी गाणी. जुनी म्हणजे कुठली, ते पंचविशीच्या कोऑर्डिनेटर मॅडम ठरवतात. त्यांच्या लेखी पासष्ट आणि नव्वद ही एकच इयत्ता. सैगल १९४७ साली गेले, पासष्टीचे गृहस्थ तेव्हा जन्मालाही आले नव्हते. कॉलेजात ते आर. डी. बर्मनच्या गाण्यांवर नाचले. आता मात्र सैगल लागला की डोळे पुसायचे, असा दंडक आहे.

चित्रकलेच्या तासाला तर विचारूच नका. उभी हयात एसटीच्या वर्कशॉपात इंजिनं उघडण्यात गेलेल्या माणसापुढे मोराचं छापील चित्र आणि मेणाचे खडू. वर शाबासकी, ‘अगदी रेषेच्या आत रंगवलंत हं आजोबा!’ आवारातला पाण्याचा पंप महिनाभर खडखडतोय. आजोबांना आवाजावरूनच कळलंय, बेअरिंग गेलंय. पण पाना हातात द्यायचा नाही. सुरक्षेचा प्रश्न आहे.

बरं, खोलीतच बसून राहावं, तर नर्स ब्लडप्रेशरचं यंत्र घेऊन हजर. ‘कालच्या हाउजीला आला नाहीत, बरं नाही का?’ एकट्याने शब्दकोडं सोडवणं हे इथे लक्षण समजतात.

अमेरिकेतल्या नर्सिंग होममध्ये दाखल झालेल्या माणसाला एका सरकारी फॉर्मातून विचारावंच लागतं : वर्तमानपत्र, आवडीचं संगीत, प्राण्यांचा सहवास, मोकळी हवा, चार जणांत मिसळणं, यांतलं तुम्हाला काय किती महत्त्वाचं वाटतं? उत्तराच्या पर्यायांत एक असाही आहे : महत्त्वाचं आहे, पण जमत नाही किंवा तशी मुभाच नाही. सरकारी फॉर्मात इतका प्रामाणिकपणा आपल्याला सोसायचा नाही.

त्याच देशात कनेटिकटमधल्या एका नर्सिंग होममध्ये एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन यांनी एक प्रयोग केला. १९७६ साली तो प्रसिद्ध झाला. एका मजल्यावरच्यांना सांगितलं, रोप हवं तर आपलं आपण निवडा आणि आपणच सांभाळा. सिनेमा गुरुवारी बघायचा की शुक्रवारी, तेही तुम्हीच ठरवा. दुसऱ्या मजल्यावर रोप हातात ठेवलं, पाणी नर्स घालणार, सिनेमाचा वारही ठरवून दिलेला. पहिल्या मजल्यावरची मंडळी जास्त हुशारीत आणि आनंदात दिसली. फरक म्हणाल तर कुंडीत चार थेंब पाणी घालण्याचा आणि एका वाराचा. कोऑर्डिनेटरचा पगार त्यापेक्षा महाग पडतो.

आपल्याकडेही आवडीनिवडींचा फॉर्म असतो हो. तो न्यू जर्सीला ईमेलने जातो. चिरंजीव मीटिंगमध्ये असतात, तिथूनच भरतात : ‘आईला सगळं चालतं. भजन, टीव्ही.’ आईने तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं आणि भजनाचा तिला पहिल्यापासून कंटाळा. ती दुसऱ्या मजल्यावर राहते, ऑफिस तळमजल्यावर आहे आणि लिफ्ट चालू आहे.