अंगातलं पाणी

रात्री दोनच्या सुमाराला मला जाग येते ती बहुधा नळामुळे. स्वयंपाकघरातला नळ कुणीतरी अर्धवट पिळलेला असतो आणि खालच्या पातेल्यात थेंब पडत असतो. टप्. मग बराच वेळ काही नाही. पुन्हा टप्. त्या दोन थेंबांच्या मधल्या शांततेत माझं सगळं बालपण मावतं. मी अंथरुणातून उठतो, अंधारात चाचपडत जातो, नळ घट्ट करतो, आणि पातेल्यात साठलेलं वाटीभर पाणी गॅलरीतल्या तुळशीला घालून येतो. बायको या कुशीवरून त्या कुशीवर होत विचारते, "वाचवलंत का धरण?" लग्नाला ३७ वर्षं झाली. धरण काही अजून भरलेलं नाही.

ही माझी खोड आहे असं घरातल्यांचं मत, आणि संस्कार आहे असं माझं. गेल्या डिसेंबरात एका शाळेच्या स्नेहसंमेलनाला मी पाहुणा म्हणून गेलो होतो तेव्हा तर मी तिला थेट चारित्र्य म्हणून टाकलं. हातात माइक आणि अंगावर शाल आली की माणसाला स्वतःच्या गरिबीविषयी एकदम माया वाटू लागते. मी मुलांना सांगितलं की मुलांनो, आमच्या घरी नळ नव्हता, आम्ही आडाचं पाणी शेंदून वाढलो, आणि त्या टंचाईनेच आम्हाला घडवलं. टाळ्या पडल्या. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला आणि अगदी मनापासून विचारलं, "सर, मग आमच्या घरचा नळ काढून टाकायचा का?" बाईंनी तिच्याकडे डोळे वटारले. मी हसलो, 'छान प्रश्न' म्हणालो आणि समोरच्या बाटलीतलं घोटभर पाणी प्यायलो. छान प्रश्न म्हणजे ज्याचं उत्तर आपल्याकडे नाही तो. उरलेली बाटली मात्र पिशवीत घालून घरी आणली.

दोष थोडा आपल्या भाषेचाही आहे. मराठीत माणसाची किंमत पाण्यातच करतात. करारी माणूस पाणीदार असतो, तलवारीला पाणी असतं, मोत्याला पाणी असतं. एखाद्याच्या अंगात किती पाणी आहे ते जोखायचं असतं आणि वेळ आली की त्याला आपलं पाणी दाखवायचं असतं. ही भाषा बहुतेक कोरड्या मुलखात घडली असावी. पाणी नाही तिथे अंगात तरी असू द्यावं, असा काहीसा तिचा हिशेब दिसतो. कोकणात एवढा धो धो पाऊस पडतो, पण तिथल्या माणसाला पागोळीइतका पाणीदार असं कुणी म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही.

आमचं गाव मराठवाड्यातलं. १९७२ च्या दुष्काळात मी सात वर्षांचा होतो. माझ्या वाट्याला त्या दुष्काळाचं जे आलं ते बरंचसं गोड होतं, कारण शाळेत सुकडी मिळायची. आई खडी फोडायला कामावर जायची, घरी मिलो ज्वारीच्या लाल भाकरी व्हायच्या आणि आडाचा तळ दिसायला लागला होता. तळाशी एक झरा होता, पण तो इतका बारीक की पोहरा बुडेल एवढं पाणी साठायचंच नाही. मग मोठी माणसं अंगाने हलकं असलेलं एखादं पोर दोराला बांधून खाली सोडायची. त्या पोराने झऱ्यापाशी उकिडवं बसून वाटीवाटीने घागर भरायची, घागर आधी वर जायची आणि मग पोर. आमच्या घरातलं हलकं पोर म्हणजे अक्का. माझ्याहून चार वर्षांनी मोठी, म्हणजे तेव्हा अकरा वर्षांची. वर आली की तिच्या परकराला गाळाचा थंडगार वास यायचा. एकदा मी तिला विचारलं, खाली काय दिसतं? ती म्हणाली, "आभाळ दिसतंय की. भाकरीएवढं." मला त्या भाकरीएवढ्या आभाळाचा इतका हेवा वाटला की मलाही सोडा म्हणून मी दोन दिवस रडलो. मला सोडलं नाही. मी घराण्याचा दिवा होतो, आणि दिवा विहिरीत कोण सोडतं!

पुढे काही वर्षांनी गावात नळ आला. नळ आला म्हणजे लोखंडी पाइप आला. पाणी चौथ्या दिवशी यायचं, आणि तेही आपण जमिनीला नमस्कार केला तरच. पाण्याला जोर नव्हता, वर चढायला ते राजी नसायचं. मग लोकांनी काय केलं, नळ खाली नेला. दारापुढे खड्डा खणायचा, त्यात पाइपाचं तोंड उघडं ठेवायचं आणि आत उतरून तांब्यातांब्याने पाणी भरायचं. ज्याचा खड्डा खोल त्याला पाणी जास्त. एकाने कमरेइतका खणला की शेजारी छातीइतका खणायचा. मग पहिला रात्री कंदील घेऊन पुन्हा खड्ड्यात उतरायचा. वर्षभरात आमच्या गल्लीत इतकी खोल माणसं झाली की पाहुण्याला नुसती डोकी दिसायची, जमिनीतून उगवल्यासारखी, एकमेकांशी भांडत असलेली.

पाणी यायच्या आधी नळ घसा साफ करायचा. आधी लांबून आल्यासारखी फुसफुस, मग ढास लागल्यागत खोकला, मग तांबडी पिंक, आणि मग एकदम निर्मळ धार. त्या फुसफुशीला सगळी गल्ली जागी व्हायची. जेवत्या ताटावरून माणसं उठायची. एकदा तर मयताला खांदा द्यायला जमलेल्या मंडळींची चुळबुळ सुरू झाली होती, आणि ज्यांच्या घरचं मयत होतं त्यांनीच हळूच सांगितलं, भरून घ्या, आम्ही थांबतो. हा प्रसंग मी भाषणात माणुसकीचं उदाहरण म्हणून सांगतो. त्यांच्या सुनेने त्याच गडबडीत आपलीही दोन टिपाडं भरून घेतली, हे सांगत नाही.

आणि घरात आलेल्या पाण्याला किती जन्म! तांदूळ धुतलेलं पाणी म्हशीच्या आंबोणात, अंघोळीचं पाणी दगडाखालच्या घमेल्यात, घमेल्यातलं धुण्याला, धुण्याचं अंगणात सड्याला. चौऱ्याऐंशी लक्ष योनी म्हणतात, त्यातल्या चार-पाच तरी पाणी आमच्याच घरात फिरून जायचं. आता पुण्यातल्या घरी पाणी शुद्ध करायचं यंत्र आहे. ते जेवढं पाणी प्यायला देतं त्याहून जास्त मोरीत सोडतं. त्या सोडलेल्या पाण्याखाली मी बादली लावतो आणि ते फरशी पुसायला देतो. कामाच्या बाई म्हणतात, "काका, नळाला पाणी हाय की!" ते मलाही माहीत आहे. प्रश्न पाण्याचा नाहीच, त्याच्या जन्ममरणाच्या फेऱ्याचा आहे.

पण एक गोष्ट मी माइकवर कधीच बोललो नाही. आमच्या आडाजवळ एक लिंबाचं झाड होतं आणि त्या झाडाखाली एक बाई घागर घेऊन उभी असायची. तिला आडावर चढता येत नव्हतं. कुणीतरी शेंदून वरून तिच्या घागरीत ओतेपर्यंत तिने थांबायचं, असा रिवाज होता. डॉ. आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं ते २० मार्च १९२७ ला. त्याला १९७२ साली ४५ वर्षं झाली होती. त्याच सुमाराला बाबा आढाव 'एक गाव एक पाणवठा' म्हणत महाराष्ट्रभर हिंडत होते. आमच्या आडापर्यंत मात्र दोन्ही बातम्या पोचायच्या होत्या. ती बाई उन्हात तास तास उभी असायची आणि आडावरच्या बायका आपसात म्हणायच्या, फार सोशीक हो बिचारी. आई दोन पोहरे तिला ओतायची आणि बाकी सगळ्यांसारखीच ओतताना हात उंच धरायची. ते उंच धरणं मला तेव्हा पाण्याची धार छान दिसावी म्हणून असतं असं वाटायचं. सोशीक हा शब्द कुठे वाचला की मला अजून ते लिंबाचं झाड दिसतं. थांबणारीने तो शब्द उच्चारल्याचं मी कधी ऐकलं नाही.

निवृत्त माणसाला हिशेब मांडायचा छंद लागतो, तसा मलाही लागला. अक्का तेरा-चौदा वर्षांची झाल्यावर तिच्या डोक्यावर १५ लिटरचा हंडा आणि कमरेवर ८ लिटरची कळशी असायची. पाण्याचा लिटर म्हणजे एक किलो, भांड्यांचं वजन सोडून देऊ. उन्हाळ्यात नळ पार आटला की रोज सहा खेपा, म्हणजे १३८ किलो. तिचं स्वतःचं वजन तेव्हा फार तर ३५ असेल. म्हणजे ही पोरगी रोज जवळजवळ चार अक्का उचलून घरी आणत होती. सातवीनंतर तिची शाळा सुटली. कुणी सोडवली असं नाही. नळाच्या दिवशी उशीर व्हायचा, उशीर झाला की वर्गाबाहेर उभं राहावं लागायचं, आणि बाहेर उभं राहण्यापेक्षा घर बरं, अशी ती आपोआप सुटली. मला त्याच वर्षी 'पाणी हेच जीवन' या निबंधाला तालुक्यात पहिला नंबर मिळाला. निबंध लिहिताना मधेच तहान लागली होती. तांब्याभांडं अक्काने आणून ठेवलं होतं.

टंचाईने माणसाची बुद्धी तरतरीत होते असंही मी म्हणायचो. मग तमिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांचा एक अभ्यास वाचनात आला, २०१३ साली 'सायन्स' नियतकालिकात छापून आलेला. त्याच शेतकऱ्यांना ऊस जायच्या आधी, हात तंग असताना, कोडी घातली आणि पैसे आल्यावर पुन्हा घातली. पैसे आल्यावर तीच माणसं जास्त हुशार निघाली. चणचणीच्या दिवसांत डोक्यातली बरीचशी जागा चणचणच अडवून बसलेली असते. हे वाचून मला नळाची फुसफुस आठवली. चौथ्या दिवशी गणिताच्या तासाला आमच्या वर्गातलं निम्मं डोकं त्या फुसफुशीकडेच लागलेलं असायचं.

सरकारी मापदंडात शहरातल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी लागतं आणि २०१९ च्या जलजीवन मिशनमध्ये खेड्यातल्या माणसाला ५५ लिटर. मधले ८० लिटर खेड्यातल्याने चारित्र्यातून भरून काढायचे असावेत.

अक्का लग्न होऊन लातूरला गेली. २०१६ च्या उन्हाळ्यात तिथे पाणी भरायच्या ठिकाणी जमावबंदी लागली. ज्या रांगेत आम्ही घडलो ती रांगच बेकायदा ठरली. एप्रिलात मिरजेहून पाण्याची रेल्वे गेली, पहिल्या खेपेला १० वाघिणी, ५ लाख लिटर. मी इथे टीव्हीसमोर डोळे पुसत होतो. फोन केला तर अक्का म्हणाली, "आता पाणी बी रेल्वेनं यायलंय बघ. तू कवा येतूस?"

यंदा तीच आमच्याकडे आली, मान दाखवायला. डॉक्टरांनी फोटो दिव्याला लावला, मणक्यांवरून पेन फिरवलं आणि विचारलं, डोक्यावरून ओझी वाहिलीत का? अक्काने आधी माझ्याकडे पाहिलं. ओझं म्हणजे विटा, सिमेंट, असं काहीतरी तिला वाटलं असावं. "नाही हो," ती म्हणाली, "ओझं कसलं? घरचंच पाणी."

संध्याकाळी ती तोंड धुवायला न्हाणीघरात गेली. नळ सुटल्याचा आवाज आला आणि तो थांबेना. एक मिनिट, दोन मिनिटं, पाच. बादली भरल्याचा, मग ती वाहू लागल्याचा आवाज मला भिंतीपलीकडून ओळखता येतो. माझे पाय आपोआप न्हाणीघराकडे वळले, हात कडीपर्यंत गेला. दार नुसतं लोटलेलं होतं. फटीतून दिसलं, अक्का पालथ्या बादलीवर बसली होती, दुसरी बादली ओसंडत होती, आणि तिने धारेखाली तळहात धरला होता. धूत नव्हती, पीत नव्हती. एकदा तळहात वर, एकदा उलटा.

मी परत येऊन खुर्चीवर बसलो. बायकोने पेपर खाली घेऊन आधी माझ्याकडे पाहिलं, मग न्हाणीघराकडे, आणि पुन्हा पेपर वर धरला.

बऱ्याच वेळाने अक्का पदराला हात पुसत बाहेर आली. "बाळू," ती म्हणाली, "तुमच्याकडं नळ कवा जातो रे?"

"जात नाही, अक्का."

ती थोडा वेळ विचारात पडली.

"मग तुम्ही पाणी भरता कवा?"