बाटलीतली गोगलगाय

पदवी कोणत्याही शाखेची असो, सीईटी दिली की तीन वर्षांच्या एलएल.बी.चं दार उघडतं. चाळिशी उलटलेल्या माणसाला पुन्हा नापास होण्याची इतकी चांगली सोय दुसरी नाही. दारव्ह्यात माझं कृषी केंद्र आहे: बियाणं, खतं, फवारणीची औषधं आणि उधारी. उधारीवाल्यांना निदान वकिलाचा तरी धाक वाटेल, या शुद्ध हेतूने मी नाव घातलं. प्रवेश उशिरा, म्हणून परीक्षा उशिरा, म्हणून पहिल्या सेमिस्टरचा निकाल लागला तो ऐन मृगात, दुकानात पाय ठेवायला जागा नसताना.

निकाल पोराने मोबाइलवर काढला. यंदा दहावीत आहे. त्याने दोन बोटांनी स्क्रीन मोठी केली, बारीक केली, पुन्हा मोठी केली.

"बाबा, कॉन्ट्रॅक्टात काठावर सुटले तुम्ही. टॉर्टात बॅक हाये."

मग जी वाक्यं मी त्याला पहिलीपासून ऐकवत आलो, ती त्याने काना-मात्रेचाही फरक न करता मला परत केली. मोबाइल कमी पाहा. रोज थोडं थोडं वाचलं असतं तर ही वेळ आली असती का? मी म्हटलं, "अरे, गांधीजीसुद्धा लंडनच्या मॅट्रिकला लॅटिनमध्ये नापास झाले होते."

"ते विशीत होते," पोरगा म्हणाला.

बायकोने एवढंच विचारलं, "पालकाची सही लागते का? मामाजींना बोलावू?"

टॉर्टचा, म्हणजे अपकृत्य कायद्याचा, तो निकाल मला अजून मान्य नाही. प्रश्न होता डोनह्यू विरुद्ध स्टीव्हन्सन. स्कॉटलंडमधलं पेझली गाव, १९२८ चा ऑगस्ट. मैत्रिणीने डोनह्यूबाईंना घेऊन दिलेली जिंजर बिअर कॅफेवाल्याने आधी आइस्क्रीमवर ओतली, ती बाईंनी खाल्ली. उरलेली ओतताना बाटलीतून म्हणे कुजलेली गोगलगाय पडली. काच गडद, आतलं दिसणार कसं? बाई आजारी पडल्या. पैसे मैत्रिणीने दिलेले, म्हणजे बाईंचा कोणाशी करारच नाही. तरी १९३२ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने ठरवलं की माल बनवणाऱ्याने तो शेवटी ज्याच्या पोटात जाणार त्याची काळजी घेतलीच पाहिजे.

एवढं लिहिलं असतं तरी सुटलो असतो. पण माझ्या डोळ्यांसमोर उभा राहिला कॅफेवाला. मिंगेला त्याचं नाव. बाटली बंद आली, ओतेपर्यंत त्याने बंदच ठेवली, आणि बाई ओरडल्या असणार त्याच्याच काउंटरवर! मी अडीच पानं त्याच्या बाजूने लिहिली. माल कंपनीचा, झाकण कंपनीचं, गोगलगायही कंपनीचीच. दुकानदाराने उघडून बघायचं का? उघडून बघितलेली बॅग तुम्ही तरी घ्याल का? फोटोकॉपी मागवली, तर शेवटी लाल शाईत एकच ओळ होती: मिंगेलावर हा दावा नव्हता. मार्क तीन.

गावाला मात्र मार्कांशी देणंघेणं नाही. प्रवेश घेतला त्या दिवसापासून मी वकीलसाहेब. काउंटरला टेकून लोक धीर देतात, "गहुलीचे नाईकसाहेब वकीलच होते न? वणीचे बापूजी अणे बी वकीलच." एक मुख्यमंत्री झाले, दुसऱ्यांनी १९३० मध्ये जंगल सत्याग्रह केला. मला डिसेंबरात टॉर्टचा पेपर पुन्हा द्यायचा आहे.

पेरण्या आटोपल्या आणि लाडखेडकडचे एक काका सोयाबीनची रिकामी बॅग घेऊन आले. बॅग, टॅग, बिल, चिमूटभर उरलेलं बियाणं, सगळं जपून ठेवलेलं. एवढी तयारी माझ्या वर्गात कोणाची नव्हती.

"वकीलसाहेब, उगवलंच नाही. चारसोबीस कंपनी हाये ही."

"काका, ४२० कलम आता उरलंच नाही. १ जुलै २०२४ पासून नवी न्याय संहिता आली, ती ३५८ वरच संपते. फसवणूक आता ३१८ मध्ये."

"मंग तीनशेअठरा कंपनी म्हनू का? तोंडात बसत नाही न बाप्पा ते. तुम्ही अर्ज लिवून द्या."

मी उत्साहाने कागद ओढला. आधी तालुक्याची तक्रार निवारण समिती आणि पंचनामा, मग ग्राहक आयोग. बियाणं घेणारा शेतकरी हा ग्राहकच, असं २०१२ मध्ये खुद्द सुप्रीम कोर्टाने म्हटलं आहे, हेही काकांना सांगून टाकलं. गैरअर्जदार क्रमांक एक म्हणून कंपनीचं नाव घातलं, टॅगवरून लॉट नंबर उतरवला.

काका वाकून बघत होते. "दोन नंबरले कोन?"

"दोनची गरज नाही, काका. बंद बॅग होती."

"माहा भाचा वकील हाये यवतमाळले. तो म्हने, ज्यानं इकलं त्याचं बी नाव टाका लागते."

पेन जागच्या जागी अडला. काकांनी बिल माझ्यापुढे सरकवलं. वर माझ्याच दुकानाचा शिक्का.

"याच्यातून पाहून बराबर लिवजा," काका म्हणाले. "टॉर्टात बॅक हाये म्हन्ते तुमची."