चादरीचा मापारी

गादीवर तंतोतंत बसणारी चादर या जगात आहे, पण ती अजून आपल्या हाती लागलेली नाही, या दोन्ही गोष्टींवर ज्याची सारखीच श्रद्धा असते, तो चादरीचा मापारी. हा बहुधा पन्नाशीच्या आसपासचा असतो, त्याच्या फ्लॅटचे हप्ते नुकतेच फिटलेले असतात, आणि त्याची हयात जमाखर्च तपासण्यात गेलेली असते. छापलेल्या आकड्यावर त्याचा विश्वास असतो. पाकिटावर १०८ लिहिले असेल तर आत १०८ भरले पाहिजेत, एवढीच त्याची मागणी असते, आणि त्याच्या सगळ्या हालअपेष्टा तिथून सुरू होतात.

जुन्या मराठी घरात हा गृहस्थ नव्हता, कारण तिथे त्याला कामच नव्हते. गादी कापसाची असे. पिंजारी येऊन कापूस पिंजून देई, तो खोळीत भरला जाई आणि वरून टाके पडत. झोपणाऱ्याच्या वजनाने ती मधे दबे, कडेला फुगे, आणि काही वर्षांनी पुन्हा पिंजायला निघे. तिला लांबी-रुंदी होती, पण दोन्ही बाबतींत ती ठाम नव्हती. शिवाय सकाळचा चहा होईपर्यंत तिची वळकटी होऊन ती कोपऱ्यात जाई. दिवसा चादरीची सुरकुती बघायला चादरच जागेवर नसे. पुढे बेडरूम आली, सुताराने प्लायवूडचा बॉक्सबेड ठोकून दिला, गादी चोवीस तास सगळ्यांच्या नजरेसमोर पडून राहू लागली, आणि तिच्यावरची चादर घराच्या अब्रूत जमा झाली. मापारी जन्मला तो या बेडरूममध्ये.

त्याचा पहिला झगडा गादीशी असतो. डबलबेडची रुंदी ५ किंवा ६ फूट, इथवर सुतार, गादीवाला आणि चादरवाला यांचे एकमत असते. लांबीला मात्र सहा, सव्वासहा आणि साडेसहा, म्हणजे ७२, ७५ आणि ७८ इंच, असे तीन पंथ आहेत. भिंतीतले कपाट उघडायला जागा हवी म्हणून सुतार पलंग सव्वासहाचा करतो. दुकानात साडेसहाच्या गादीवर सवलत असते, म्हणून गादी साडेसहाची येते. मग पायथ्याशी ३ इंच गादी हवेत राहते आणि मापाऱ्याच्या पोटरीला जाता-येता लागते. पाहुण्यांना तो हे मुद्दाम दाखवतो. पाहुणे दरवेळी "हल्ली असंच झालंय" म्हणतात.

खरा घोळ लांबी-रुंदीत नसून जाडीत असतो. पूर्वी काथ्याची ४ इंची गादी सर्रास असे. तिच्यावर ९० बाय १०८ इंचांची चादर घातली, की ७२ इंच रुंदी वजा जाता दोन्ही अंगांना ९-९ इंच उरत. त्यातले ४ गादीची कड उतरण्यात जात आणि ५ इंच खाली खोचायला मिळत. घरात पैसा आला तशी गादीही उंचावली. फोम आला, स्प्रिंग आली, जाडी ८ इंचांवर गेली. त्याच चादरीचा आता फक्त १ इंच खोचायला उरतो, आणि तो रात्री पहिली कूस बदलताच बाहेर येतो. पुढे कंबरदुखीवर उपाय म्हणून वर २ इंची टॉपर चढतो. आता चादर गादीच्या तळापर्यंत पोचतच नाही. मापारी या सगळ्या काळात चादरीला दोष देत असतो. गादी वाढली हे त्याला पुष्कळ उशिरा कळते. चादर जिथल्या तिथेच होती हे कळले तरी तो ते मान्य करत नाही.

मापारी सर्वांत चांगला पाहायला मिळतो तो दुकानात. तो खिशातून टेप काढतो तेव्हा गल्ल्यावरचा माणूस पंखा एक घर वाढवतो. "साहेब, डबल दाखवू का किंग?" या प्रश्नाला तो "बहात्तर बाय अठ्ठ्याहत्तर बाय आठ" असे उत्तर देतो. विक्रेता म्हणतो, "किंगच घ्या, सगळ्याला बसते." सगळ्याला बसते ती मापाची कशी, हा मापाऱ्याचा प्रतिप्रश्न. एका कारखान्याची किंग ९० बाय १०८, दुसऱ्याची १०८ बाय १०८, हे त्याला पाठ असते. लांबी विचारली की विक्रेता थ्रेड काउंट सांगतो. चौरस इंचातले ताण्याचे आणि बाण्याचे धागे मिळून तो आकडा होतो. त्याने चादर किती तलम आहे याचा अंदाज येतो, लांबीचा काही येत नाही. मापारी हे समजावून सांगतो. तेवढ्यात मागची तीन गिऱ्हाइके रंग पाहून चादरी घेऊन जातात. शेवटी तो पाकिटावरचे इंच २.५४ने गुणून खालच्या सेंटिमीटरशी ताडून पाहतो. ते जुळत नाहीत. त्याला खरा आनंद होतो तो इथे.

दुसरा झगडा पाण्याशी. सुती कापड विणताना ताणले जाते, आणि पहिल्या धुण्यात तो ताण सुटून ते आटते. आटण्याचे प्रमाण ५ टक्के धरले तरी १०८ इंचांतले ५ इंच बादलीत जातात. हे टाळण्यासाठी कापड कारखान्यातच यंत्राने आकसून घेण्याची रीत अमेरिकेत सॅनफर्ड क्लूएट यांनी शोधली. १९३०च्या सुमारास तिचे पेटंट झाले आणि त्यांच्या नावावरून अशा कापडाला सॅनफराइझ्ड म्हणू लागले. हा शब्द मापारी दुकानात एकदा तरी उच्चारतोच. घरी आल्यावर तो चादर अंथरण्याआधी मोजतो, धुऊन मोजतो आणि इस्त्री करून पुन्हा मोजतो. तिन्ही आकडे कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेल्या कागदावर जातात.

मग कोणीतरी त्याला इलॅस्टिकची चादर सुचवते. अमेरिकेत बर्था बर्मन यांना अशा चादरीचे पेटंट १९५९ साली मिळाले. तिचा खोलगटपणा गादीच्या जाडीइतका शिवलेला असतो, त्यामुळे मापाऱ्याला आपला तिसरा आकडा प्रथमच कोणी मानला असे वाटते. हे समाधान पहिल्या शनिवारपर्यंत टिकते. ७२ आणि ७८ यांत फरक ६ इंचांचाच, म्हणून चादरीची लांब बाजू कोणती हे अंथरेपर्यंत कळत नाही, आणि चुकीची बाजू तीन कोपरे मुकाट्याने बसू देते. वॉशिंग मशीनमध्ये तिच्या कोपऱ्यांत घरातले सगळे हातरुमाल आणि मोजे जाऊन बसतात. दांडीवर ती उघड्या पोत्यासारखी लोंबते आणि पावसाळ्यात तिचे कोपरे तिसऱ्या दिवशीही ओलेच असतात. तिची चौकोनी घडी होत नाही. मापारी ती करून दाखवतो; त्याला पंधरा मिनिटे लागतात आणि दुसऱ्या माणसाने दोन टोके धरून उभे राहावे लागते.

एवढ्याने भागले नाही तर तो मुळाकडे वळतो. तुळजापूर किंवा अक्कलकोटहून येताना गाडी सोलापुरात थांबवली जाते. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, ती टिकायला पक्की आहे, फक्त ती पांघरायची आहे. तो ती अंथरून पाहतो. तिथून तो कापडाचे तागे पाहू लागतो आणि त्याला पन्हा भेटतो. कापडाची रुंदी मागाच्या रुंदीवर ठरते, गिऱ्हाइकाच्या गादीवर नाही. जुन्या मोठ्या चादरींना मधोमध जोड असे तो याचमुळे, अरुंद पन्ह्याचे दोन पट्टे शेजारी शेजारी शिवत. रुंद पन्ह्याचा तागा मिळालाच तर मापारी तो घेऊन पडदे आणि सोफाकव्हर शिवणाऱ्याकडे जातो. शिवणारा म्हणतो, "नमुन्याला जुनी चादर आणा." जुनी चादर बसत नाही म्हणूनच नवी हवी, हे त्याला पटवताना संध्याकाळ होते. चादर जुन्या मापाची शिवून येते.

घरात मापाऱ्याचे कोणी ऐकत नाही, पण त्याच्या वाटेलाही जात नाही. "अहो, दाबा की गादीखाली आणि झोपा," असा बायकोचा सल्ला असतो, आणि ती तसे करून झोपतेही. मुले चादरीच्या गोळ्यावर बिनघोर घोरतात. व्याह्यांकडे मुक्काम पडला तर मापारी दिवा मालवण्याआधी तिथल्या चादरीचा कोपरा उचलून पाहतो. लॉजवर त्याला पांढरी, मोठी, इस्पितळात परिचारिका करतात तशी कोपऱ्यात तिरकी घडी घालून घट्ट खोचलेली चादर मिळते. त्या रात्री त्याला गाढ झोप लागते आणि सकाळी बिल देताना तो चादरीचे माप विचारतो.

वास्तविक हिशेब साधा आहे. गादीच्या रुंदीत जाडीची दुप्पट मिळवावी, आणि दोन्हीकडे खोचायला निदान ७-७ इंच धरावेत, लांबीचेही तसेच. ७२ बाय ७८च्या ८ इंची गादीला यावरून १०२ बाय १०८ची चादर निघते. बाजारातली १०८ बाय १०८ची, फारशी न आटणारी सॅनफराइझ्ड चादर तिथे चोख बसते. बहुतेक मापारी शेवटी या उत्तरापाशी पोचतात, चादर आणतात, आणि ती खरोखरच बसते. पण एकच चादर कशी पुरणार? धुण्याला टाकली तर दुसरी हवी. तीच घ्यायला तो दुकानात जातो तेव्हा तो माल संपलेला असतो, आणि नवा माल पाकिटावर नुसता "किंग" असे लिहून आलेला असतो.

न बसलेल्या चादरींची संख्या तोवर बरीच झालेली असते. त्यांची विल्हेवाट घरची माणसे लावतात. एक गणपतीच्या मखरामागे पडदा म्हणून जाते, एक रंगकाम निघाले की सोफ्यावर पडते, एकीत जुनी रद्दी बांधली जाते, आणि उरलेल्या चैत्रात गच्चीवर कुरडया-पापड घालायला निघतात. तिथे त्या कोणत्याही मापाच्या चालतात. मापारी मात्र वाळवण राखायला बसवला असता, पापडांच्या रांगा काठाला समांतर नाहीत हे खाली जाऊन सांगून येतो.